तहानेचा बहार

बायकोच्या दहाव्याच्या दिवशी मी संत्र्याच्या बागेला पाणी दिलं. त्यातून पुढे जे झालं ते लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग बैलांमागे गेलो. सून म्हणाली, "मामाजी, बोलता तसंच लिहा," म्हणून बसलो.

आमचं गाव आंजीपासून आत आहे. दहाव्याला नदीवर पिंडदान आटोपलं आणि लोक घराकडे वळले. पौषाचे दिवस, डोकं नुकतंच भादरलेलं, वारा टाळूला लागत होता. घरी ओसरीवर पाहुणे दाटले होते. बाया रडायला बसल्या होत्या आणि आत भाजीला फोडणी पडली होती. तो वास मला नको होता. मी तसाच अनवाणी वावरात निघून गेलो. कोणी हटकलं नाही. त्या दिवशी माणसाला कोणी हटकत नाही. विजेची लाईन होती, मोटर चालू केली आणि धारेपाशी बसून राहिलो. बागेला पाणी द्यावं असं काही मनात नव्हतं. घरातलं रडणं सोडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, आणि पाण्याचा आवाज तेवढा जवळ होता. लाईन जाईपर्यंत पाणी चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो.

मी कशासाठी पाणी सोडलं हे झाडाला कुठे ठाऊक.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांना हे सांगावं लागेल. संत्र्याला सतत पाणी मिळालं की ते नुसती पानं काढतं. फूल धरत नाही. म्हणून त्याला तहानेवर ठेवायचं असतं, त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. पाणी तोडलं की आधी पानाचं तेज जातं. मग पान द्रोणासारखं आत वळतं, म्हणजे उन्हाला अंग कमी दिसतं. मग जुनी पानं गळतात. वाढ थांबते. झाड सगळं आखडून घेतं आणि वाट पाहतं. मग पाणी सोडलं की अंगात असेल नसेल ते सगळं फुलात घालतं. आपलं काही खरं नाही असं वाटून ते बी मागे ठेवायला धावतं, असं मी समजतो. कृषीवाले वेगळं सांगतात, फांदीत साठा होतो वगैरे. तेही खरं असेल.

ताण उन्हाळ्यात देता येतो किंवा थंडीत. उन्हाळ्यात दिला तर तो मृगाच्या पावसाने तुटतो आणि फळ पावसाळ्यात वाढतं. थंडीत दिला तर आंबिया बहार येतो आणि ते फळ सगळा उन्हाळा विहिरीच्या जिवावर वागवावं लागतं. ते पाणीवाल्याचं काम. आमची विहीर चैत्र लागला की खाली जाते. म्हणून बाग लावली तेव्हापासून आम्ही मृगाचाच बहार घेत आलो.

बायकोला हा प्रकार पटायचा नाही. ताणाच्या दिवसांत ती बागेतून जायची नाही, लांबच्या धुऱ्याने, बांधावरून, वळसा घालून जायची.

"लेकराले उपाशी ठेवाचं अन् वरून नाच म्हनाचं," ती म्हणायची. "तुमाले बरं जमते."

"मंग संत्रं काऊन खातं तू?"

"खातो. तोंडाले गोड लागते म्हून खातो. तुमचं कौतुक म्हून नाई खात."

आमचं बोलणं असंच होतं. तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही आणि माझ्यापुढे तिचं.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी गावातल्या गोळ्या झाल्या, मग वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आत गाठ निघाली. मी तिथेच वऱ्हांड्यात राहू लागलो. मुलगा हिंगणघाटला नोकरीला आहे, तो मोटरसायकलवर ये-जा करायचा. मधे गिरडला टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन चादर चढवून आला, मला नंतर सांगितलं. बागेकडे कोणी पाहिलं नाही. कोणाला सांगून ठेवायचं मला सुचलंही नाही.

शेवटी शेवटी तिचं तोंडाने पाणी बंद केलं. ती सारखी पाणी मागायची. नर्स भली होती. म्हणाली, "काकाजी, प्यायला द्यायचं नाही, फक्त ओठ ओले करा." मी कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठाला लावायचो. ती तो बोळा दातांत धरायची. मग मला तो तिच्या तोंडातून ओढून काढावा लागायचा.

यापुढे दवाखान्याचं लिहीत नाही.

दहाव्याच्या त्या पाण्यानंतर बाग बरेच दिवस होती तशीच दिसत होती. मग माघ सरता सरता फांदीच्या डोळ्याडोळ्यातून नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली आणि नवतीसोबत कळी आली. अशी कळी मी त्या बागेत कधी पाहिली नव्हती. पान दिसेना. वास पार रस्त्यापर्यंत. त्याआधीच्या पावसाळ्यात मृगाचा बहार फुटलाच नव्हता, झाडं रिकामी होती. अंगात साठा होता, वरून दिवाळीपासून तहान, आणि मग भरपूर पाणी. मी आंबिया धरला नव्हता, तो आपोआप धरला गेला.

गाव पाहायला यायला लागलं. शेजारच्या वावरातला माझ्याच वयाचा आहे, त्याची बायको पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाईनं जाता जाता तुमची ओटी भरली, भाऊ."

तो स्वतः बागेतून फिरून आला आणि म्हणाला, "असा बहार दरसाल काऊन नाई घेत, भाऊ?"

"दरसाल बायको कुठून आनू?"

तो हसला. हसता हसता थांबला, गमछ्याने तोंड पुसलं आणि तंबाखूची डबी माझ्यापुढे धरली.

मुलगा रविवारी आला. झाडाझाडापाशी उभा राहून मोबाईलवर फोटो काढत होता. तो शिकायला लहानपणीच वसतिगृहात गेला, बागेचं काम त्याच्या हाताखालून कधी गेलं नाही. सुट्टीत यायचा तेव्हाही झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचा. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा फांदीला हात लावताना पाहिलं.

"बाबा, हा आईचा बहार हाय," तो म्हणाला.

"मायचा नाई बे. तहानेचा हाय."

"म्हंजे?"

मग मी सांगितलं. आपण सगळे दवाखान्यात होतो, झाडं वाळत होती, दहाव्याला पाणी भेटलं म्हणून फुलली. आणि हेही सांगितलं की ही काही आनंदाची गोष्ट नाही, हे फळ उन्हाळ्यात झाडाला खाईल. त्याने मोबाईल खिशात टाकला. जेवून उठला. निघताना गाडीला किक मारून म्हणाला, "तुमाले काही चांगलं म्हनू देनंच जमत नाई, बाबा."

माझं काय चुकलं ते मला तेव्हा कळलं नाही. जे होतं ते बोललो.

पुढे चैत्र आला. फळ बोराएवढं झालं, मग लिंबाएवढं. एवढ्या फुलोऱ्यातून थोडं आपोआप गळतं, तसं गळलं, तरी फांद्या वाकतील एवढं राहिलं. आणि विहीर खाली गेली. आधी मोटर लाईन जाईपर्यंत चालायची, मग आंघोळ करून येईपर्यंत, मग चालू केली की खरखर करून हवा ओढायची. शेजाऱ्याचा बोअरही आटला. गावात पिण्याचा टँकर यायला लागला होता, बागेचं नाव कोण काढणार.

विहिरीत वाकून पाहिलं की काठावरच्या कडुनिंबाची मुळी दिसायची. खडकाच्या चिरेतून बाहेर येऊन पाण्यामागे खाली खाली गेलेली, टोकाला केसासारखी. वर त्याला कोवळी पालवी होती. मी सगळ्या हयातीत पाऊस नसताना झाडं काय करतात हेच पाहत आलो आहे. कडुनिंब खाली जातो. पळस आणि मोहा पानंच टाकून देतात, उघडे होऊन उभे राहतात. बाभळीचं पान मुळातच एवढंसं. पावसाने दडी मारली की जवारी पानाची पुंगळी करते. तुरीची पानं दुपारी उभी राहतात, उन्हाला धार दाखवतात. सोयाबीन पान उलटं करतं, सगळं वावर दुरून पांढरं दिसतं. कपाशीची पऱ्हाटी पाती, म्हणजे कळ्या, टाकते, मग कोवळी बोंडं टाकते, जेवढी जगवता येतील तेवढीच धरते. ज्याला टाकून देणं जमतं तो बहुतेक तरून जातो. संत्र्याला मात्र पुरेसं टाकता येत नाही. पान टाकेल, पण धरलेलं फळ सोडायला फार उशीर करतं. आणि तोवर फळ पानातलं पाणी ओढून घेतं. सकाळी पाहिलं तर पान सुकलेलं आणि फळ टणक, हिरवंगार. लोकांना वाटायचं बाग मजेत आहे.

उपाय एकच होता. फळ हाताने तोडून टाकायचं, फांद्या हलक्या करायच्या आणि जे घोटभर पाणी आहे ते झाडाच्या जिवाला द्यायचं. बाग राहिली तर बहार पुन्हा येईल. हे मी मुलाला फोनवर सांगितलं.

"नाई, बाबा," तो म्हणाला. "फळाले हात नका लावू."

"मंग झाड जाईन."

"पाऊस येईन नं."

"पाऊस काय तुह्या हापिसात काम करते?"

"बाबा, एक येळ तं माह्यं आयका."

तो असं कधी बोलत नाही. मी ऐकलं. रोज सकाळी विहिरीत जेवढं झिरपून आलेलं असेल तेवढं बादलीने काढून बुडाशी टाकायचो आणि वरून पाचोळा पसरायचो. शेजारी धुऱ्यावरून पाहायचा.

"बादलीनं बाग जगते का, भाऊ?"

"नाई जगत."

"मंग?"

"मंग काय करू? घरी बसू?"

तो गेला आणि संध्याकाळी त्याच्याकडची बादली घेऊन आला. दोघांनी मिळून काढलं तरी झिरपा तेवढाच. जास्त ओढलं की नुसता गाळ यायचा.

वैशाखात बरडावरच्या झाडांचे शेंडे वाळायला लागले. आमचं अर्धं वावर काळ्या मातीचं आहे आणि वरचं अर्धं बरड, हातभर खाली मुरूम. तिथे मुळीला जायला जागा नाही. शेंड्याकडून काडी वाळत खाली येते, तिला आम्ही सल म्हणतो. सल एका फांदीवर दिसली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या फांदीवर दिसते. त्या वाळल्या फांदीवरही फळ लटकत होतं, सुरकुतलेलं. ते पाहून मी मुलाला न विचारता फळ तोडायला घेतलं.

तोडणं सोपं नाही. पिकलेलं फळ हातात येतं, कच्चं देठाला धरून असतं, पिरगाळावं लागतं. मी वरच्या बरडापासून सुरुवात केली. दिवसभर पिरगाळून बोटांना हिरवा वास आणि चीक. शेजाऱ्याला म्हटलं हात लाव, तो मान हलवून म्हणाला, "दुसरं काही सांगजो, भाऊ. हे नाई होनार माह्याच्यानं." एकट्याने किती होणार. शनिवारपर्यंत वरची झाडं झाली, खालची राहिली.

रविवारी मुलगा आला. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. मी म्हटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. गाडीला लटकवलेली पिशवी काढली, खाली बसला आणि एक एक फळ वेचून पिशवीत टाकायला लागला.

"काय करतं त्याचं? गुरंसुद्धा तोंड नाई लावत."

तो वेचत राहिला. पिशवी भरली तसा उठला, पँटची माती झटकली.

"शेवटी शेवटी मी तिच्यापाशी नोतो," तो म्हणाला. "सुट्टी नाई भेटली. तुमी तरी होते."

मी तिच्यापाशी होतो म्हणजे काय होतो, हे त्याला सांगायला पाहिजे होतं की नको, मला ठरवता आलं नाही. तो बोळा माझ्या डोळ्यापुढे आला. मी म्हटलं, "चाय घेतं का?" तो नको म्हणाला आणि पिशवी हँडलला लटकवून गेला. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला.

"मामाजी, यायनं ते हिरवे संत्रे देवापाशी मांडून ठेवले. काही बोलू नका त्यायले."

"मी काय बोलनार," मी म्हटलं. खालची फळं मी तोडली नाहीत. हात गेला नाही.

मृग कोरडा गेला. पाऊस आला तो आर्द्रा अर्धी सरल्यावर. चांगला आला, विहिरीत आवाज झाला. तोवर बरडावरची झाडं बहुतेक गेली होती, ज्यांची फळं मी तोडली होती तीच. खालची, काळ्या मातीतली, फळासकट उभी राहिली. थोडी खराब झाली पण राहिली. मी चुकलो असं कोणी म्हणेल. मी खालची आधी तोडली असती आणि वरची सोडली असती तरीही वरचीच गेली असती. मुरूम तो मुरूम. वैशाखाच्या आधी, फळ बोराएवढं असताना हात घातला असता तर कदाचित. तेही मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि त्याने काही झालं नाही, एवढंच मला माहीत आहे.

पाऊस उघडल्यावर मुलगा आला. आम्ही दोघं बरडावर गेलो. झाड मेलं की जिवंत ते नखाने पाहतात. साल थोडी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर त्याच्या खाली खरवडायचं, तिथेही तसंच असलं तर अजून खाली. मी त्याला दाखवलं. तो एका ओळीत गेला, मी दुसऱ्या. माझ्या ओळीत तपकिरीच निघत होतं. त्याच्या ओळीतून फक्त खरवडल्याचा आवाज येत होता. तोही प्रत्येक झाडाला वाकत वाकत पार मातीपर्यंत जात होता.

मग त्याने हाक मारली. "बाबा, इकडं या. हे पाहा."

बुडाशी, मातीपासून थोडं वर, सुक्या सालीतून कोंब निघाला होता. बोटभर. पानं तजेलदार, पावसाने धुतलेली.

"हे जिवंत हाय, बाबा."

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळावर उभं नसतं. खालचं बूड जंबेरीचं असतं. जंबेरी रानवट, काटेरी, फळ तोंडात न धरवेल इतकं आंबट, पण तिची मुळी चिवट. तिच्या बुडावर संत्र्याचा डोळा बांधतात. झाड म्हातारं झालं तरी ती बांधलेली जागा ओळखू येते, तिथली साल सुजल्यासारखी दिसते. कोंब त्या जागेच्या खालून निघाला होता आणि पानाच्या बगलेत काटा होता. वरचं संत्रं मेलं होतं. जंबेरीने आपलं आपलं पाहिलं. असा कोंब चांगल्या झाडाला आला तर आम्ही दिसला की मोडून टाकतो, विचार करावा लागत नाही. माझा हात तसाच पुढे गेला.

"हात नका लावू, कवळं हाय," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला.

"याले फळ लागन का, बाबा?"

"लागन. टाईम लागते."

तो उठून विहिरीवर गेला आणि बाटलीत पाणी भरून आणलं. माती ओलीच होती, पाण्याची काही गरज नव्हती. त्याने ते हळूहळू, कोंबाला धक्का न लागू देता, भोवताली सोडलं. मी बाजूला बसून पाहत होतो.

बरडावरची बाकीची झाडं आम्ही काढली. खड्डे बुजवले, तिथे तूर पेरली. ते एक झाड तसंच ठेवलं आहे. मुलगा रविवारी आला की आधी तिकडे जातो, मग घरात येतो. कोंब आता माझ्या गुडघ्याएवढा झाला आहे, काटेही वाढले आहेत. परवा त्याच्या बोटाला एक लागला, तर तो हसून म्हणाला, "आईसारखंच हाय हे." ही जंबेरी आहे हे कोणीतरी त्याला सांगेलच. शेजाऱ्याला एका नजरेत कळतं, अजून त्याने तोंड उघडलेलं नाही. मी सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कोणत्या शब्दात, हे माझं अजून ठरत नाही.